मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को, लेहमार्गे

मुंबईहून सॅन फ्रान्सिस्को किती लांब, असं पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत विचारावं. ‘सोळा तास’ असं उत्तर येतं. ‘साडेतेरा हजार किलोमीटर’ असं कोणी म्हणत नाही. ज्यांची मुलं सनीव्हेल, फ्रीमाँट नाहीतर सॅन होजेला आहेत त्यांना विमानाचे तास तोंडपाठ असतात, मधल्या विमानतळावर किती वेळ बसावं लागतं तेही. किलोमीटर विचारले की ते मोबाइल काढतात. मला याची गंमत वाटते, कारण या दोन आकड्यांत किलोमीटरचा आकडा पक्का आहे आणि तासांचा रोज हलतो. आपण हलणाऱ्यावर विसंबून राहतो.

या विषयावर मी एकटा लिहायला बसलो की दोन्ही बाजूंनी वकिली करू लागतो. म्हणून दोन माणसं उभी केली आहेत. दोघंही काल्पनिक. एक मावशी, पुण्यात शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली; तिच्या घरी अजून ग्लोब आहे आणि त्यावर सोव्हिएत युनियन शाबूत आहे. दुसरा तिचा भाचा, एका विमान कंपनीत डिस्पॅचर. विमान कुठल्या वाटेने, किती उंचीवरून, किती इंधन घेऊन जाणार याचा आराखडा उड्डाणाआधी जमिनीवर बसून करणारा माणूस. मावशीची लेक बे एरियात असते आणि मावशीचं पहिल्यांदाच तिकडे जाणं ठरतं आहे. त्यांनी भांडावं. मी अधूनमधून कंसात लुडबुड करीन.

मावशी : हे बघ, मी दोरा लावून पाहिला. एक टोक मुंबईवर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि ताणला. लेहवरून गेला.

भाचा : जाणारच.

मावशी : तुला माहीत होतं? मला आयुष्यभर भूगोल शिकवून माहीत नव्हतं! आम्ही नकाशावर बोट ठेवून युरोप, मग अटलांटिक, मग अमेरिका असं दाखवायचो. पण गोलावर सगळ्यात जवळची वाट वेगळीच निघते. मुंबईहून जवळजवळ सरळ उत्तरेला, जेमतेम चौदा अंश पूर्वेकडे कललेली. जयपूर आणि दिल्ली उजव्या हाताला सोडायची, लेह जवळजवळ पायाखाली, मग काराकोरम, तकलामकानचं वाळवंट, अख्खा सायबेरिया. सायबेरियाच्याही वर, आर्क्टिक महासागरात साधारण ७७ अंश उत्तरेपर्यंत चढायचं आणि तिथून उतरायला लागायचं. अलास्का, कॅनडाचा युकॉन, मग पॅसिफिकच्या कडेकडेने खाली.

(दोऱ्याने चौदा अंश कळत नाहीत. तिने कागदावर त्रिकोणमिती केलेली आहे, पण ते ती कबूल करणार नाही.)

मावशी : साडेतेरा हजार किलोमीटर. मुलांना हे एकदा दाखवलं की नकाशा किती फसवतो ते कळतं. मर्केटरने १५६९ मध्ये तो नकाशा काढला तो जहाजवाल्यांसाठी. त्यावर सरळ रेघ ओढली की होकायंत्राची दिशा बदलावी लागत नाही, एवढीच त्याची सोय. जवळची वाट त्यावर वाकडी दिसते आणि लांबची सरळ.

भाचा : मावशी, तुझा आकडा बरोबर आहे. आमच्या संगणकातही पहिल्या ओळीत तोच येतो. फक्त त्या वाटेने मी आजवर एकही विमान पाठवलेलं नाही आणि पाठवणारही नाही.

मावशी : का? जवळची असून?

भाचा : लेहच्या पुढे काय आहे ते तूच सांगितलंस. काराकोरम. समज, तिथे केबिनमधला हवेचा दाब गेला. वैमानिकाला विमान झटपट दहा हजार फुटांपर्यंत खाली आणावं लागतं, कारण प्रवाशांच्या डोक्यावरून जे मास्क पडतात त्यांत ऑक्सिजन साधारण पंधरा-वीस मिनिटांचाच असतो. आणि खाली के-टू आहे, ८,६११ मीटर, म्हणजे अठ्ठावीस हजार फुटांच्या वर. त्याच्या पलीकडे तिबेटचं पठार, ते स्वतःच साडेचार हजार मीटरवर. उतरणार कुठे? शिवाय तिथली सीमा कसली आहे हे मी तुला सांगायला नको. नागरी विमानांचा रस्ता तिथून नाहीच.

मावशी : मग थोडं वळसा घालून जा.

भाचा : तेच तर करतो! आणि त्या ‘थोडं’मध्येच सगळं आहे. पश्चिमेकडून वळायचं तर पाकिस्तान लागतो. बालाकोटनंतर २०१९ मध्ये त्यांचं आकाश फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत बंद होतं. २०२५ च्या एप्रिलपासून भारतीय कंपन्यांना पुन्हा बंद झालं, आणि दिल्ली-अमेरिका उड्डाणांपैकी काहींना व्हिएन्नाला उतरून इंधन भरावं लागलं. दिल्ली जागच्या जागी होती, अमेरिका जागच्या जागी होती. तुझा दोरा तसूभर हलला नाही. लोकांचा प्रवास मात्र काही तासांनी लांबला.

मावशी : हा राजकारणाचा दोष. पृथ्वीचा नाही.

भाचा : प्रवासी पृथ्वीवरून जात नाही, मावशी. परवानग्यांवरून जातो. रशियाचं बघ. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, रशियाचं आकाश अमेरिकन कंपन्यांना बंद झालं, आणि युनायटेडने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को आणि नेवार्क-मुंबई ही उड्डाणं थांबवली. त्याच वेळी आपली विमानं रशियावरून जात होती. म्हणजे एकाच दिवशी एकाच दोन शहरांमधलं अंतर विमानाच्या शेपटीवर कुठल्या देशाचं नाव आहे त्यावर ठरत होतं.

मावशी : अंतर नाही रे. वाट. हे दोन शब्द तू सारखे एकमेकांत मिसळतोस.

(इथे मावशीला गुण दिले पाहिजेत. पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ हेच आहे.)

मावशी : अंतर म्हणजे दोन जागांची एकमेकींशी असलेली गोष्ट. तिथे कोण जातं, कशाने जातं, जातं की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नाही. ते अंतर ठरवायला माणसांनी हाडं झिजवली आहेत. लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासला पायारेषा मोजून सर्वेक्षण सुरू केलं, भारताच्या टोकापासून उत्तरेकडे त्रिकोणांमागून त्रिकोण जोडत निघाला, आणि गेला कुठे माहितेय? हिंगणघाटला. १८२३ मध्ये. वर्धा जिल्ह्यात त्याची कबर आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टने नेलं. ही माणसं शोधत काय होती? पृथ्वी नेमकी किती मोठी आणि नेमकी किती चपटी. विषुववृत्ताकडची तिची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा २१ किलोमीटरने जास्त आहे, हे आज आपण सहज म्हणतो. तू ज्या आकड्यावर हसतोस ना, तो असा आला आहे.

(लॅम्बटनच्या कबरीबद्दल महाराष्ट्रात इतकं कमी बोललं जातं, की मावशीच्या तोंडी तो विषय घातल्यावाचून मला राहवलं नाही. हिंगणघाटच्या बाजारात आजही कापूस येतो. ज्याने भारताची उंची-लांबी मोजायला घेतली तो माणूस तिथे निजला आहे, हे तिथल्या किती शाळांत सांगतात कोण जाणे.)

भाचा : मी हसत नाही गं. १९७५ मध्ये व्हिन्सेंटी नावाच्या माणसाने चपट्या पृथ्वीवरचं अंतर काढायचं जे सूत्र दिलं ते मिलिमीटरपर्यंत उत्तर देतं. आमच्यासाठी ते पुरून उरतं. मला फक्त एवढं म्हणायचं आहे की मिलिमीटरपर्यंत अचूक आणि तरीही कोणाच्या कामाचा नाही, असा आकडा असू शकतो. तुला एक उदाहरण देतो. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को. तुझ्या दोऱ्याने सुमारे बारा हजार चारशे किलोमीटर. एअर इंडियाने ही थेट सेवा २०१५ च्या डिसेंबरमध्ये सुरू केली, ती अटलांटिकवरून. वाट सुमारे तेरा हजार नऊशेची. मग २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी एक विमान उलट्या बाजूने पाठवलं, पॅसिफिकवरून. वाट पंधरा हजार तीनशे. किती जास्त?

मावशी : चौदाशे.

भाचा : आणि वेळ? साडेचौदा तास. अटलांटिकवरून लागायचा त्याच्यापेक्षा दोनेक तास कमी.

(मावशी काही क्षण गप्प. वर्गात असं कोणी केलं असतं तर तिने त्याला फळ्याजवळ बोलावलं असतं.)

मावशी : वारा.

भाचा : वारा! दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा झोत. अटलांटिकवरून अमेरिकेला जाताना तो तोंडावर येतो. पॅसिफिकवरून जाताना पाठीत बसतो. आणि गंमत म्हणजे परतीचं विमान अटलांटिकवरून आलं, तेव्हाही तो पाठीतच. म्हणजे त्या विमानाने जाताना आणि येताना दोन्ही वेळा पूर्वेकडेच तोंड ठेवलं आणि पृथ्वीला पूर्ण प्रदक्षिणा घातली. आता सांग, लांब वाट कुठली आणि जवळची कुठली?

मावशी : थांब. विमानाचा वेग किती असतो? तुमचा.

भाचा : हवेत, ताशी आठशे नव्वदच्या आसपास. मोठी विमानं आवाजाच्या वेगाच्या ०.८४ पटीने उडतात. वर उणे पन्नास-पंचावन्न अंशांत आवाजाचा वेगही कमी असतो, त्यामुळे तेवढं भरतं.

मावशी : साडेचौदा गुणिले आठशे नव्वद.

भाचा : बारा हजार नऊशे आणि वर थोडं.

मावशी : आणि जमिनीवरून पार केले पंधरा हजार तीनशे. म्हणजे विमान हवेतून बारा हजार नऊशे किलोमीटरच गेलं. बाकीचे चोवीसशे वाऱ्याने नेलं. ताशी एकशे पासष्टच्या आसपासचा वारा झाला. बरोबर?

भाचा : …बरोबर. चढणं-उतरणं धरलं तर थोडं इकडेतिकडे.

मावशी : मग तू जे वेळ वेळ म्हणून नाचवतो आहेस ते काय आहे? अंतरच. फक्त जमिनीवरचं नाही, हवेतलं. हवा सरकते आहे, म्हणून ते वेगळं येतं. तू माझ्याच बाजूचा आहेस रे, तुला कळलेलं नाही.

भाचा : आम्ही त्याला एअर माइल्स म्हणतो. इंधन त्यावर निघतं, जमिनीवरच्या मैलांवर नाही.

मावशी : म्हणतोच ना!

(मी हा भाग लिहिताना स्वतः कागद घेऊन बसलो होतो. हिशेब सरळ आहे, आठवीतल्या मुलाला जमेल असा : बोट, नदी, प्रवाह. पाठ्यपुस्तकात त्या गणितातल्या बोटी कुठे जातात ते कधीच सांगत नसत. त्यांतली एखादी सॅन फ्रान्सिस्कोला गेली असती तर आम्ही जास्त लक्ष दिलं असतं.

आणि या वाऱ्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. तो आधी नोंदला वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने, १९२० च्या दशकात, तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून सोडून. निष्कर्ष सगळ्या जगाने वाचावेत म्हणून त्याने ते एस्परांतो भाषेत छापले. जगाने अर्थातच वाचले नाहीत. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून उडणाऱ्या अमेरिकन बॉम्बफेक्या विमानांना तो वारा प्रत्यक्ष भेटला, तेव्हा त्याची दखल घेतली गेली.)

भाचा : ठीक आहे, हवेतलं अंतर म्हणू. पण ते रोज वेगळं असतं. २०२० च्या फेब्रुवारीत वादळ होतं तेव्हा ब्रिटिश एअरवेजचं जम्बो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशेबात वेग ताशी तेराशे किलोमीटरच्या वर गेला होता. एरवी या वाटेला सहा-सात तास धरतात. आणि त्या रात्री जी विमानं उलट दिशेने जात होती त्यांना तोच वारा समोरून. अटलांटिकवरच्या वाटासुद्धा रोज नव्याने आखतात, दिवसातून दोनदा, एक संच जायचा आणि एक यायचा. सकाळचं आकाश संध्याकाळी राहत नाही. मग लेकीला तू काय सांगशील, किती लांब आहेस म्हणून?

मावशी : तुझी वेळ तरी कुठली खरी? तिकिटावर छापतात ती काय उडण्याची वेळ असते?

भाचा : नाही. चाकांखालचे चॉक्स काढले, विमान मागे ढकललं, तिथपासून पलीकडच्या गेटवर पुन्हा चॉक्स लागेपर्यंत. ब्लॉक टाइम. त्यात धावपट्टीच्या रांगेत उभं राहणं आलं, उतरल्यावर गेटपर्यंत रांगणं आलं.

मावशी : आणि वर थोडी भर घालता.

भाचा : घालतात. त्यामुळेच अर्धा तास उशिरा निघालेलं विमान वेळेवर पोहोचतं आणि लोक खूश होतात.

मावशी : म्हणजे तिकिटावरची वेळ ही मोजलेली गोष्ट नाहीच. कंपनीने दिलेला शब्द आहे, तोही हातचा राखून. माझा आकडा असा नाही. माझ्या आकड्याला कोणाला खूश करायचं नसतं.

(भाच्याने इथे हरायला हवं होतं. तो हरत नाही, विषय बदलतो. मीही तेच केलं असतं.)

भाचा : बरं, घड्याळाचं बघ. दुपारी मुंबईहून निघालेलं विमान सॅन फ्रान्सिस्कोला त्याच दिवशी संध्याकाळी उतरतं. घड्याळाकडे बघणाऱ्याला वाटतं, तीन तासांत पोहोचलो. परत येताना उलटं. २०२१ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला पहिलं थेट विमान आलं. कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सहकारी, कॉकपिटमध्ये सगळ्या स्त्रिया. सरळ अंतर सुमारे चौदा हजार, वाट ध्रुवाकडून. शनिवारी ९ तारखेला रात्री तिकडून निघाल्या आणि सोमवारी ११ तारखेला पहाटे बंगळुरूत उतरल्या. रविवार आकाशातच संपला.

मावशी : ती घड्याळांची करामत झाली. प्रशांत प्रमाणवेळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे, उन्हाळ्यात ते घड्याळ पुढे सारतात म्हणून साडेबारा. हे वजा करायला पोरं चुकतात, मोठी माणसंही चुकतात. पण यात गूढ काही नाही.

(गूढ नाही, पण हट्ट असतो. भारताची प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली तरी मुंबई शहर आपला ‘मुंबई टाइम’ उराशी धरून होतं. तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. १९५५ पर्यंत तो पुरता सुटला नाही. १९४८ च्या ८ जूनला ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा करत लंडनला निघाली, एअर-इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं उड्डाण, तेव्हा या शहरात वेळ विचारली तर दोन उत्तरं मिळू शकत होती.)

मावशी : आणि मलबार प्रिन्सेसचं म्हणशील तर तेच माझं म्हणणं. मुंबई-लंडन सुमारे सात हजार दोनशे किलोमीटर. १९४८ मध्येही, आजही. ती ८ तारखेला निघून १० तारखेला पोहोचली, आज दहाएक तासांत पोहोचतात. अंतर जागचं हललं नाही म्हणून तर आपल्याला कळतं की विमानं किती सुधारली! दोन्ही आकडे हलणारे असते तर कशाची कशाशी तुलना केली असती?

भाचा : हे मान्य. पण सुधारलं काय? मधले थांबे गेले, आणि तेच सर्वांत मोठं. पण थांबा अचानक लागूही शकतो. मगादान आठवतंय?

मावशी : रशियातलं?

भाचा : हो. २०२३ च्या जूनमध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनात बिघाड झाला म्हणून तिथे उतरवलं. माणसं सुखरूप. पण रशियाच्या पार पूर्वेच्या टोकाला, दोनशेहून जास्त प्रवासी, आणि त्यांना न्यायला दुसरं विमान पाठवावं लागलं. मी वाट आखतो तेव्हा नुसती सर्वांत जवळची वाट बघत नाही. दोन इंजिनांचं विमान आहे, त्यातलं एक बंद पडलं तर ठरलेल्या मिनिटांच्या आत कुठल्या धावपट्टीला पोहोचेल, हे प्रत्येक टप्प्यावर बघावं लागतं. ध्रुवाकडून गेलो तर टाकीतलं इंधन किती थंड होईल तेही बघायचं; ते उणे चाळीस-सत्तेचाळीसला गोठायला लागतं. तुझ्या दोऱ्याला यातलं काही विचारावं लागत नाही.

मावशी : दोरा विचारत नाही म्हणूनच त्याच्यावर विश्वास ठेवता येतो. बरं, मला एक सांग. विमान रद्द झालं तर पैसे कशाच्या हिशेबाने मिळतात?

भाचा : कुठे त्यावर आहे.

मावशी : युरोपात?

भाचा : किलोमीटरवर. पंधराशेपर्यंत २५० युरो, त्यापुढे ४००, आणि साडेतीन हजारांच्या वर ६००. विमान युरोपीय संघाच्या बाहेरचं असेल तर.

मावशी : कुठले किलोमीटर? तू वळसे घालून नेलेले?

भाचा : …नाही. तुझ्या दोऱ्याचे. कायद्यातच लिहिलंय, गोलावरचं सर्वांत कमी अंतर.

मावशी : हं.

भाचा : पण आपल्याकडे बघ! आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम ब्लॉक टाइमवर आहे. तासाभरापर्यंतचं उड्डाण असेल तर पाच हजार रुपये, दोन तासांपर्यंत साडेसात हजार, त्यापुढे दहा हजार, नाहीतर मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, जे कमी असेल ते. म्हणजे भारत सरकार माझ्या बाजूने आहे.

(या एका ठिकाणी मला वाटतं मावशीचा मुद्दा वरचढ आहे. नुकसानभरपाई ज्या मापाने द्यायची ते माप देणाऱ्याच्या हातात नसावं. ब्लॉक टाइम विमान कंपनी स्वतः वेळापत्रकात लिहिते, दोरा मात्र तिला ताणता येत नाही. आपल्या नियमाने निदान आतबट्ट्याचा व्यवहार होत नाही, कारण वेळ फुगवली तर भरपाईचा आकडाही वर जातो. तरी मोजपट्टी कोणाच्या खिशात आहे, हे पाहावंच.)

मावशी : आणि कार्बनचा हिशेब? माझी लेक मला दर वेळी सांगते, आई, एका खेपेत किती धूर निघतो माहितेय का.

भाचा : आयसीएओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची पद्धत आहे. ते तुझ्याच अंतरापासून सुरुवात करतात आणि त्यात वळशांसाठी भर घालतात. साडेपाच हजार किलोमीटरच्या वरच्या उड्डाणाला १२५ किलोमीटर.

मावशी : एकशे पंचवीस?

भाचा : हो.

मावशी : आणि तुझ्या त्या पॅसिफिकवरच्या विमानाने किती जास्त कापले? बारा हजार चारशेचे पंधरा हजार तीनशे.

भाचा : एकोणतीसशे.

(दोघंही हसतात. या लेखात ते एकदाच एकत्र हसतात, आणि तेही आंतरराष्ट्रीय संस्थेला.)

भाचा : म्हणून म्हणतो मावशी, सरासरीच्या कामाला तुझा आकडा चांगला. हजारो उड्डाणांची बेरीज करायची, देशादेशांची तुलना करायची, कायदा लिहायचा, तर तोच हवा. पण एका माणसाने एका दिवशी इथून तिथे जायचं असेल तर तो आकडा त्याला काहीच सांगत नाही. आता तुझंच घे. तू मुंबईत राहतेस का?

मावशी : नाही, कोथरूडला.

भाचा : तुझा दोरा मुंबईवर लावलास. मुंबईत कुठे? फ्लोरा फाउंटनला?

मावशी : विमानतळावर. धावपट्टीच्या मध्यावर समज.

भाचा : आता नवी मुंबईचाही विमानतळ झाला आहे, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये उद्घाटन झालं. जुन्यापासून सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटर. साडेतेरा हजारांत पंचवीस किलोमीटर म्हणजे काय? तुझ्या ग्लोबवर दोऱ्याच्या जाडीतही दिसणार नाहीत. पण उद्या अमेरिकेची विमानं तिथून सुटायला लागली तर कोथरूडच्या माणसाचा प्रवास केवढा सोपा होईल! पनवेलच्या पुढची ती सगळी रडकथा वाचेल. वाशी, चेंबूर, बीकेसी.

मावशी : हे मात्र खरं.

भाचा : मग घरापासून लेकीच्या दारापर्यंत धर. तीन तास आधी विमानतळावर पोहोचायचं. बॅगा तेवीस किलोच्या दोन, त्यातली एक चोवीस भरणार आणि तू तिथे उघडून चकलीचा डबा काढणार. व्हीलचेअर सांगितलीयस ना?

मावशी : मला चालता येतं.

भाचा : चालता सगळ्यांनाच येतं. इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहता येत नाही. सांगून ठेव. तिकडे उतरल्यावर पुन्हा रांग, पुन्हा बॅगा, मग फ्रीमाँटपर्यंत गाडी. सोळा तासांच्या प्रवासाला घरापासून घरापर्यंत सव्वीस-सत्तावीस तास जातात, आणि त्यातले दहा-अकरा तास दीडशे-दोनशे किलोमीटरवर. बाकीचे तेरा हजार उरलेल्या वेळात होतात.

मावशी : म्हणजे वेळ मोजायची तर त्यातला मोठा वाटा रांगांचा.

भाचा : आणि घाटाचा.

मावशी : मग तू हवाई वाहतुकीतला माणूस कशाला म्हणवतोस? तुझं खरं खातं रस्ते आणि रांगा.

भाचा : म्हण. परतीचं सांगू? येताना साधारण तासाभराने जास्त धर. तेच दोन विमानतळ, तेच विमान.

मावशी : कुठल्या वाटेने आणशील?

भाचा : ते उड्डाणाच्या काही तास आधी ठरेल. वारा बघून, कोणाचं आकाश उघडं आहे ते बघून, विमानात वजन किती आहे ते बघून.

मावशी : आणि जाताना? जातानाची तरी वाट आज सांगता येते का?

भाचा : नाही. पण वेळ सांगता येते. आदल्या दिवशी वाऱ्याचा अंदाज आला की किती वाजता उतरशील ते दहा-पंधरा मिनिटांच्या फरकाने सांगीन.

मावशी : बरं. विमान दुपारी अडीचचं आहे. गाडीवाल्याला सकाळी किती वाजता सांगू?

भाचा : पाच.

मावशी : पाच? साडेअकराला पोहोचायचं, दीडशे किलोमीटर तर अंतर आहे!

भाचा : साडेचार केलेस तर आणखी बरं.

मावशी : अरे, सोळा तासांच्या उड्डाणाचं मिनिटांत सांगतोस आणि इथे अंदाजच नाही?

भाचा : वरच्या वाऱ्याचा अंदाज रोज चारदा छापून येतो, मावशी. बोरघाटाचा कोणी देत नाही.